दुखत नाही, मग काळजी कशाला?

१. पहिला प्रश्न

‘दुखत तर मुळीच नाही. मग हा कॅन्सर कसा असेल?’

गालाच्या आतल्या बाजूला एक व्रण दोन-तीन महिने तसाच असतो. घरच्यांनी मागे लागून दवाखान्यात आणलेले असते. डॉक्टरांनी शंका बोलून दाखवली की बहुधा हाच प्रश्न येतो. आयुष्यभर आपण दुखण्यावरून आजाराचे माप काढत आलो. दाढ ठणकली की दातांचा डॉक्टर, पोटात कळ आली की गोळी. जे दुखत नाही ते धोक्याचे नाही, हा हिशेब एरवी बऱ्याचदा बरोबर येतो. तोंडाच्या कर्करोगात मात्र तो साफ चुकतो.

तोंड येते तेव्हा काय होते ते पाहा. अस्तराचा छोटासा तुकडा एकाएकी जातो, खालच्या नसांची टोके उघडी पडतात, भोवती सूज येते. म्हणून पहिल्याच दिवशी तिखट भाजीचा घास झोंबतो. पण हा व्रण आठ-दहा दिवसांत भरून येतो, कारण तोंडाचे अस्तर सतत नवे होत असते. कर्करोगाचे उलटे आहे. तो अस्तरातच हळूहळू वाढतो. सुरुवातीला ना नस उघडी पडते, ना फारशी सूज येते. जंतुसंसर्ग झाला किंवा गाठ नसेपर्यंत पोहोचली की मग दुखू लागते, आणि तोवर बरेच महिने निघून गेलेले असतात.

तेव्हा तोंडातल्या व्रणाच्या बाबतीत वेदना नव्हे, दिवस मोजायचे. टोकदार दाताने चावलेली जीभ असो की गरम चहाने भाजलेला टाळू, व्रण दोन आठवड्यांत भरायला हवा. तीन आठवडे उलटूनही न भरलेला व्रण कॅन्सर असेलच असे नाही, पण तो डॉक्टरांना दाखवण्याचा व्रण आहे. हे प्रकरण या एका नियमामागची कारणे सांगण्यासाठी आहे.

२. ‘हेड अँड नेक’मध्ये मेंदू नसतो

अहवालावर ‘हेड अँड नेक’ असे शब्द दिसले की अनेकांना मेंदूचा कॅन्सर वाटतो आणि घरात रडारड होते. या नावात मेंदू येत नाही. ओठ, जीभ, गाल, हिरड्या, टाळू, टॉन्सिलचा भाग, घसा, स्वरयंत्र, नाक व त्याच्या बाजूच्या पोकळ्या आणि लाळग्रंथी, एवढा हा मुलूख. यातल्या ९० टक्क्यांहून अधिक कर्करोगांची सुरुवात एकाच प्रकारच्या पेशींतून होते: तोंडाच्या नि घशाच्या अस्तरावर थरावर थर रचलेल्या चपट्या, म्हणजे स्क्वॅमस पेशी.

पाश्चात्त्य देशांत आज टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणारा कर्करोग वाढतो आहे. त्याच्या मागे बहुतांशी एचपीव्ही नावाचा विषाणू असतो. आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. आपल्याकडे गाल आणि खालची हिरडी यांच्यामधली खाच हे मुख्य ठिकाण. तंबाखूची चिमूट जिथे दाबून ठेवतात, नेमकी तीच जागा. २०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण निघतात, आणि भारतीय पुरुषांत हा सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग आहे.

ही जागा आणि ही सवय यांचा संबंध नव्याने कळलेला नाही. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि तीनच वर्षांत तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. भारतीयांच्या सवयी आणि कर्करोगाची जागा यांची सांगड घालण्याचे काम त्यांनी पुढेही चालू ठेवले. आठ दशके झाली. ज्ञान होते, फक्त ते घराघरात पोचले नाही, आणि याची खंत वाटायलाच हवी.

३. डबी, पन्नी आणि मशेरी

शेजारच्या छत्तीसगडमध्ये किराणा दुकानात एक लहानशी डबी मिळते. आत काळपट, चिकट, गुळाच्या पाकासारखा वास येणारा लगदा असतो. हा गुडाखू. तंबाखू आणि उसाची मळी एकत्र करून तो बनवतात. सकाळी बोटावर घेऊन हिरड्यांवर चोळायचा, थोडा वेळ बसायचे, थुंकायचे. मग पोट साफ होते म्हणून पुन्हा, दुपारच्या जेवणानंतर पुन्हा, संध्याकाळी काम आटोपल्यावर पुन्हा. बायकांमध्ये त्याचा वापर मोठा आहे. चारचौघांत बिडी ओढायला लाजणारी बाई अंगणात बसून गुडाखू निर्धास्त करते, कारण तिच्या लेखी ते दात घासणे आहे.

मराठी वाचकाला हे परके वाटायचे कारण नाही. आपली मशेरी दुसरे काय आहे? तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. आणि विदर्भात खर्रा: सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेल्यावर घोटून घोटून एकजीव केलेला. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीत तो शाळकरी मुलांच्या खिशातही सापडतो. रायपुरातल्या तात्यापाऱ्यासारख्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना तर दोन्हीकडच्या सवयी ओळखीच्या आहेत.

दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२मध्येच बंदी केली. गुटख्यावर महाराष्ट्रात आणि छत्तीसगडमध्येही २०१२मध्ये बंदी आली. मग पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी अशी जोडी विकली जाऊ लागली. गिऱ्हाईक तोंडात टाकण्याआधी दोन्ही एकत्र करते. २०१६-१७च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत छत्तीसगडमधले ३९.१ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होते. देशाचा आकडा २८.६ होता, महाराष्ट्राचा २६.६. छत्तीसगडमध्ये धूर ओढणारे थोडे. ३६ टक्के लोक तंबाखू चघळणारे, दाबणारे किंवा चोळणारे होते.

या पदार्थांत नेमके काय आहे? निकोटिन सवय लावते, पण कर्करोगाचे मुख्य गुन्हेगार दुसरे आहेत. तंबाखू वाळवताना, मुरवताना आणि साठवताना तिच्यात नायट्रोसमाइन नावाची रसायने तयार होतात. त्यांतल्या दोघांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात निश्चित कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात घातले आहे. चुन्यामुळे निकोटिन अस्तरातून झटकन रक्तात शिरते, आणि चुना स्वतः अस्तर सोलून काढतो. दारूची भर पडली की अस्तर रसायनांना आणखी सहज वाट देते. म्हणून तंबाखू आणि दारू दोन्ही घेणाऱ्याचा धोका दोहोंच्या नुसत्या बेरजेपेक्षा जास्त भरतो.

‘मी तंबाखू खात नाही, फक्त सुपारी खातो’ असे म्हणणाऱ्यांसाठी इथे थांबायला हवे. सुपारीही त्याच पहिल्या गटात आहे. तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा. तिच्यातले अरेकोलिन गालाच्या अस्तराखालच्या पेशींना तंतू बनवत राहायला भाग पाडते. गाल आतून ताठ, पांढरट होतो. तिखट सोसेनासे होते. तोंड उघडेनासे होते. मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३मध्ये या विकाराचे वर्णन केले. त्याचे आजचे नाव सबम्युकस फायब्रोसिस. त्यातून पुढे काहींना कर्करोग होतो, आणि सुपारी सोडली तरी ताठरपणा पुरता जात नाही.

४. पेशी बिघडते कशी

प्रत्येक पेशीच्या आत डीएनए असतो. पेशीने काय करायचे, कधी दुभंगायचे आणि कधी मरायचे याच्या सूचना त्यात लिहिलेल्या असतात. नायट्रोसमाइनचे तुकडे डीएनएला चिकटतात आणि सूचनेतले एखादे अक्षर बदलते. बहुतेक वेळा पेशी ते दुरुस्त करते. दुरुस्ती जमली नाही तर पी-५३ नावाचे प्रथिन त्या पेशीचे विभाजन रोखते किंवा तिला मरायला लावते. ही व्यवस्था रोज, आपल्या नकळत, कामात असते.

पण रोज चार-पाच वेळा, वीस वर्षे, एकाच जागी मारा होत राहिला तर कधीतरी पी-५३ची सूचनाच खराब होते. आता बिघडलेल्या पेशीला अडवणारे कोणी उरत नाही. पुढे विभाजनाला लगाम घालणारे पी-१६ जाते. पेशीला ठरावीक फेऱ्यांनंतर म्हातारी करणारे घड्याळ बंद पडते. असे पाच-सहा बिघाड एकाच वंशातल्या पेशींत जमले की त्या अस्तराखालचा पडदा फोडून स्नायूत, हाडात शिरू लागतात. तो क्षण म्हणजे कर्करोग. याला वर्षे लागतात, आणि या वर्षांतच आपली संधी असते. भारतीयांच्या गाल-हिरडीच्या कर्करोगातले असे बिघाड कल्याणी आणि नवी मुंबई इथल्या संशोधन संस्थांनी मिळून शोधले. ते काम २०१३मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही मात्र जवळच्या रस्त्याने जातो. त्याची स्वतःची प्रथिने पी-५३ला थेट नष्ट करतात. त्यामुळे त्या कर्करोगाचे रूप वेगळे असते आणि तो उपचारांना अधिक चांगली दाद देतो.

छत्तीसगडच्या शेतकऱ्याला पुढची गोष्ट समजावून सांगायची गरज नाही, कारण ती त्याच्या भाताच्या बांधीतच घडते. धानात करगा उगवतो, म्हणजे रानटी भात. पान तेच, उंची जवळपास तीच. फुलोरा येईपर्यंत भल्याभल्यांना वेगळा ओळखू येत नाही. तो परका नाही, धानाचाच भाऊबंद आहे. आणि कापणीआधीच त्याचे दाणे गळून मातीत पडतात. पुढच्या वर्षी दिसेल तेवढा उपटला तरी मातीतले बी तसेच राहते. कर्करोगाच्या पेशीही आपल्याच असतात, म्हणून शरीराला त्या चटकन ओळखू येत नाहीत. आणि एका जागी गाठ दिसते तेव्हा तंबाखूचा रस पोचलेले सगळे अस्तर थोडेफार बिघडलेले असते. १९५३मध्ये अमेरिकेत स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी गाठीच्या भोवतीचे, डोळ्यांना निरोगी दिसणारे अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्यातही बिघाड सापडले. एका गालाचा कर्करोग बरा झालेल्या माणसाला काही वर्षांनी दुसऱ्या गालात नवाच कर्करोग का होऊ शकतो, आणि बरे झाल्यावरही गुडाखू का सोडायचा, याचे उत्तर यात आहे.

५. आधीच्या खुणा

पुसला तरी न जाणारा पांढरा चट्टा. मखमलीसारखा लाल चट्टा, जो पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. पांढऱ्यात लाल ठिपके. कमी होत जाणारे तोंडाचे उघडणे. कारण नसताना हलू लागलेला दात, किंवा दात काढल्यावर न भरणारी जागा. मानेत न दुखणारी टणक गाठ. तीन आठवड्यांवर बसलेला आवाज. एकाच बाजूचा कान दुखणे आणि कानात काही न सापडणे. घशातल्या गाठीची कळ नसेच्या वाटेने कानात उमटते.

तोंड उघडण्याची तपासणी घरी होते. आपल्याच हाताची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का पाहा. जात असतील तर ठीक. दोनच जात असतील आणि सुपारी-खर्ऱ्याची सवय असेल तर दाखवून घ्या.

नुसत्या पाहण्याने काय साधते, असे वाटेल. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात याची मोठी परीक्षा झाली. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेवकांनी गावोगावी लोकांची तोंडे उजेडात पाहिली, शंका आली त्यांना पुढे पाठवले. २००५मध्ये निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. ना यंत्र, ना रक्ततपासणी. फक्त विजेरी आणि शिकवलेली नजर. २०१६पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरच्या प्रत्येकाची पाच वर्षांतून एकदा अशी तपासणी ठरलेली आहे. जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन ती मागायला संकोच करू नका.

६. तुकडा काढला की पसरतो?

नाही. हे एवढ्या स्पष्टपणे सांगायचे कारण, या एका समजुतीपायी माणसे महिनेच्या महिने झाडपाल्यात आणि हळदीच्या लेपात घालवतात. व्रणाच्या कडेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, तोही जागा बधिर करून. हीच बायोप्सी. तिच्याशिवाय कर्करोग आहे की नाही हे खात्रीने सांगता येत नाही. समजूत कुठून आली तेही उघड आहे. तुकडा काढेपर्यंत गाठ वाढलेलीच असते, नंतरही उपचार सुरू व्हायला उशीर होतो, आणि मधल्या वाढीचे खापर त्या तुकड्यावर फुटते.

७. लांबीपेक्षा खोली

मग सीटी किंवा एमआरआय, आणि आजाराचा टप्पा ठरतो. दोन रुग्ण धरू. पहिल्याचा व्रण दीड सेंटिमीटर लांब, ४ मिलिमीटर खोल. दुसऱ्याचाही दीड सेंटिमीटर, पण ८ मिलिमीटर खोल. आरशात दोन्ही सारखे दिसतील. पूर्वी दोघांना एकाच टप्प्यात धरत. २०१८पासून लागू झालेल्या पद्धतीत ५ मिलिमीटरपेक्षा खोल गेलेला व्रण वरच्या टप्प्यात जातो. कारण अस्तराखाली जितके खोल जावे तितक्या लसिकावाहिन्या भेटतात, आणि त्यांच्यातून पेशी मानेतल्या लसिका ग्रंथींकडे निघतात. जबड्याचे हाड किंवा गालाची कातडी पोखरली असेल तर टप्पा चौथा. तरीही तोंडाच्या कर्करोगात चौथा टप्पा म्हणजे सगळे संपले असे नाही. आजार फुप्फुसात किंवा इतरत्र गेला नसेल तर त्यांतल्या अनेकांवर बरे करण्याच्या हेतूनेच उपचार होतात. ‘चौथी स्टेज’ ऐकून परत गावी निघालेल्या कुटुंबाला हे कोणीतरी सांगायला हवे.

८. कापणे आणि जोडणे

तोंडाच्या कर्करोगात पहिला उपचार बहुतेक वेळा शस्त्रक्रिया. गाठीच्या भोवतीचे साधारण एक सेंटिमीटर निरोगी दिसणारे मांसही सर्जन काढतात, म्हणजे कडेला बिघडलेली पेशी राहू नये. गाठ हाडाला नुसती टेकली असेल तर जबड्याची वरची कड काढून भागते. आत शिरली असेल तर जबड्याचा तुकडाच काढावा लागतो.

मानेचा प्रश्न बरीच वर्षे वादात होता. गाठ लहान आहे, मानेत काहीच लागत नाही. तरी मान उघडून लसिका ग्रंथी काढायच्या, की थांबून त्या वाढल्या तरच काढायच्या? उत्तर मुंबईतून आले. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. २०१५मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: आधीच ग्रंथी काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. हिशेब करू. १०० जणांमागे बारा-तेरा जीव जास्त वाचले, म्हणजे दर आठ शस्त्रक्रियांमागे एक. जगभरच्या सर्जनांची पद्धत या अभ्यासाने पक्की केली. मान कापण्याला घाबरणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी हा आकडा सांगीन.

काढलेली जागा भरायची कशी? छातीचा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसकट कातडीखालून वर वळवून गालात बसवता येतो. ही पद्धत १९७९पासून रुळली आणि आपल्याकडे आजही पुष्कळ वापरली जाते. जबड्याचे हाड गेले असेल तर पायातले फिब्युला उपयोगी पडते. गुडघ्याखाली दोन हाडे असतात. शरीराचे बहुतेक वजन पुढचे जाड हाड पेलते. बाजूच्या बारीक फिब्युलाची दोन्ही टोके सांध्यांपाशी शिल्लक ठेवून मधला भाग काढतात, जबड्याच्या वळणाप्रमाणे कापून पट्टीवर जोडतात, आणि मग दोन-तीन मिलिमीटर जाडीची धमनी आणि शीर सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने मानेतल्या रक्तवाहिन्यांना शिवतात. त्यानंतरचे पहिले काही दिवस परिचारिका ठरावीक वेळाने त्या तुकड्याचा रंग पाहत राहते. गुलाबी असेल तर रक्त चालू आहे. निळसर पडला तर रुग्णाला तडक परत शस्त्रक्रियागृहात नेतात. माणूस पुढे स्वतःच्या पायाने चालत घरी जातो.

९. शेक

रायपूरकडे याला सिकाई म्हणतात, आपण शेक म्हणतो. पण यात ऊब वगैरे काही नसते. क्ष-किरणांसारखेच, पण कितीतरी शक्तिमान किरण पेशीच्या डीएनएचे दोन्ही धागे तोडतात. निरोगी पेशी एका दिवसात बरीचशी दुरुस्ती करते, कर्करोगाची पेशी या कामात कच्ची असते. म्हणून मात्रा एकदम न देता रोज थोडी देतात. शस्त्रक्रियेनंतर साधारण ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) द्यायचे. रोज २ प्रमाणे ३० वेळा. आठवड्यात पाच दिवस, म्हणजे सहा आठवडे. बस्तर किंवा सरगुजातून आलेल्या कुटुंबाने दोन-चार दिवसांची नव्हे, दीड महिन्याची तयारी ठेवून रायपूरला यावे.

सुरुवातीला चेहऱ्याचा साचा घेतात. प्लास्टिकची पांढरी जाळी गरम पाण्यात मऊ करून तोंडावर ताणतात. काही मिनिटांत ती नाकाडोळ्यांच्या आकाराने कडक होते. रोज तीच जाळी लावून टेबलावर पडायचे, म्हणजे किरण रोज त्याच जागी पडतात. काही दुखत नाही. त्रास तिसऱ्या आठवड्यापासून सुरू होतो: तोंडभर सोलवटणे, चव जाणे, लाळ आटणे, गिळता न येणे. याच वेळी लोक मध्येच घरी निघून जातात, आणि हे सर्वांत धोक्याचे. चौथ्या आठवड्याच्या सुमारास उरलेल्या कर्करोगाच्या पेशी अधिक वेगाने दुभंगू लागतात. खंड पडला की त्यांचे फावते. नाकातून नळी घालून घ्यायला बायामाणसे लाजतात, पण ती नळीच पोटात अन्न पोचवते आणि उपचार वेळेत पूर्ण करून देते.

एक काम शेकाच्या आधी करायचे. किडलेले, हलणारे दात दाताच्या डॉक्टरांकडून आधीच काढून घ्यायचे आणि जखम भरू द्यायची. किरण घेतलेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो. नंतर दात काढला तर जखम भरत नाही आणि हाड मरू शकते. पुढे कधीही दात काढायची वेळ आली तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

१०. औषधे

मानेतल्या ग्रंथीचे कवच फोडून आजार बाहेर आला असेल, किंवा कापलेल्या कडेला पेशी सापडल्या असतील, तर शेकासोबत सिस्प्लाटिन देतात. हे औषध डीएनएच्या धाग्यांत गाठी मारते, त्यामुळे किरणांचा मारा अधिक लागू पडतो. मूत्रपिंड आणि कान त्याला सोसतात की नाही हे आधी पाहावे लागते.

आजार परत उलटला किंवा फार पसरला असेल तिथे नवी प्रतिकारशक्तीची औषधे आली आहेत. कर्करोगाची पेशी आपल्या संरक्षक पेशींवरचे एक ‘थांब’ बटण दाबून ठेवते. निवोलुमॅब ते बटण झाकते. अडचण किमतीची. नेहमीची मात्रा सामान्य घराच्या आवाक्याबाहेर आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेचा दहावा हिस्सासुद्धा नाही, तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांसोबत देऊन पाहिले. बरे न होणाऱ्या टप्प्यातल्या या रुग्णांत वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. हे २०२२ साली जगासमोर आले. आपल्या गरिबीकडे बघून आपल्याच डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचे हे उत्तर आहे, आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

११. कुठे जायचे, आणि नंतर काय

रायपूरकरांना यासाठी मुंबई गाठावीच लागते असे आता नाही. सगळे शहर ज्याला मेकाहारा म्हणते त्या डॉ. आंबेडकर रुग्णालयात प्रादेशिक कर्करोग केंद्र आहे, २०१२मध्ये सुरू झालेले एम्स आहे, नवा रायपूरमध्ये २०१८पासून बाल्को मेडिकल सेंटर आहे. विदर्भाच्या सीमेवरच्यांना नागपूर जवळ. आयुष्मान कार्डावर पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. राहण्याजेवणाचा खर्च आणि बुडालेली मजुरी मात्र त्यातून निघत नाही. कुटुंब खचते ते तिथेच. गावाने, नातेवाइकांनी मदत करायची असेल तर ती या दीड महिन्यात करावी.

उपचारांनंतर तोंड पुन्हा आखडू नये म्हणून रोज व्यायाम करावा लागतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची जुडी दातांमध्ये धरायची आणि दर काही दिवसांनी एकेक काडी वाढवायची. मान आणि खांद्याचेही व्यायाम असतात. पहिली दोन वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी तपासणी चुकवू नये, कारण आजार उलटायचा तर बहुतेकदा याच काळात उलटतो.

महाराष्ट्राने या आजाराची दोन्ही टोके पाहिली आहेत. माजी गृहमंत्री आर. आर. पाटील २०१५मध्ये वयाच्या ५७व्या वर्षी तोंडाच्या कर्करोगाने गेले. शरद पवार यांच्यावर २००४मध्ये याच आजाराची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर दोन दशके ते सार्वजनिक जीवनात राहिले आणि सुपारी-तंबाखूबद्दल तरुणांना जाहीरपणे सावध करत आले.

आज घरातल्या गुडाखू, मशेरी, खर्रा किंवा सुपारी घेणाऱ्या प्रत्येकाला खिडकीपाशी बसवा, मोबाइलची विजेरी लावा, दोन्ही गाल, हिरड्यांच्या खाचा, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहा. काही दिसले तर तारीख लिहून ठेवा आणि तीन आठवड्यांत भरले नाही तर दुखण्याची वाट न पाहता दवाखान्यात न्या. सवय सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशक बोलतात. फोनला पैसे पडत नाहीत.